कॅमेऱ्यावरचं कुंकू

माझ्या मॉनिटरच्या खाली एक यादी चिकटवलेली आहे, यंदाच्या दसऱ्यापर्यंत ती नऊ ओळींची होती. ती मीच लिहिली, मीच टाइप केली आणि प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून मीच लावली. जांभई, मिटलेले डोळे, कानाला फोन, सिगारेट, सुटलेला पट्टा, खाली गेलेली नजर वगैरे. प्रत्येक ओळीपुढे काय करायचं ते आहे. पहिल्यांदा झालं तर नोंद, दुसऱ्यांदा झालं तर गाडी थांबल्यावर ड्रायव्हरला फोन, तिसऱ्यांदा झालं तर साहेबांकडे. फक्त नवव्या ओळीला अशा पायऱ्या नव्हत्या. नववी ओळ अशी होती: कॅमेरा झाकणे. विचारणा नाही. थेट लाल.

लाल म्हणजे गाडी काढून घेणे.

मी ठाण्यात एका ट्रान्सपोर्ट कंपनीत काम करते. आमचे ट्रक डोंबिवलीच्या कारखान्यांतून माल उचलतात आणि नाशिक, पुणे, कधी गुजरातपर्यंत जातात. दोन वर्षांपूर्वी प्रत्येक ट्रकमध्ये दोन कॅमेरे बसले. एक रस्त्याकडे बघतो, दुसरा ड्रायव्हरच्या तोंडाकडे. दुसऱ्यामागे एक यंत्र आहे. ते डोळे, तोंड आणि हात मोजत असतं, आणि काही खटकलं की दहा सेकंदांचा तुकडा आमच्याकडे पाठवतं. तो तुकडा बघून खरं की खोटं ते आम्ही ठरवायचं. सूर्य समोर आला म्हणून डोळे बारीक केले तरी यंत्राला माणूस झोपलेला वाटतो. शेंगदाणे खाल्ले तरी तो फोनवर बोलतोय असं वाटतं. म्हणून आम्ही तिघी. खोलीला एक खिडकी आहे, पण मॉनिटरचे पडदे नीट दिसावेत म्हणून तिच्यावर काळी फिल्म लावली आहे. आमच्याही डोक्यावर कोपऱ्यात एक कॅमेरा आहे. त्यातून आम्हाला कोण बघतं ते आम्हाला माहीत नाही.

त्याआधी सतरा वर्षं मी याच कंपनीत फोनवर होते. कुठली गाडी कुठे आहे, हे ड्रायव्हरला विचारूनच कळायचं. 'मॅडम, घाटात आहे, आवाज कट होतोय', 'मॅडम, जेवायला थांबलोय, पाच मिनटं द्या'. त्यांचे आवाज मी ओळखायचे, चेहरे कधी बघितले नव्हते. आता चेहरे दिसतात आणि आवाज नाही. कॅमेऱ्यात आवाजाची सोय घेतलेली नाही.

घरीही फारसा आवाज नसतो. वर्तकनगरच्या कॉलनीत दोन खोल्या आहेत. हे सहा वर्षांपूर्वी गेले. तेव्हा मी तीन पानी यादी केली होती: गॅसचं कनेक्शन, रेशनकार्ड, सोसायटीचा दाखला, त्यांचे कपडे कुणाला द्यायचे, चष्म्याचं काय. पंचवीस दिवसांत सगळ्यावर टिक झाली आणि मग करायला काही उरलं नाही. मुलगा बंगळूरला असतो. रविवारी साडेदहाला त्याचा फोन येतो, बारा-पंधरा मिनिटं. तो ठेवला की सोमवारी सकाळपर्यंत बोलायचं काही कारण नसतं. सोमवारी रिक्षात बसून कुठे जायचं ते सांगताना आधी घसा खाकरावा लागतो, नाहीतर आवाज फुटत नाही.

हे सांगितलं ते पुढचं कळावं म्हणून.

आमच्याकडे गाड्यांना नंबराच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून ओळखतात, ड्रायव्हरलाही. एक्केचाळीस म्हणजे एक पन्नाशीचा माणूस, दाट भुवया, डाव्या बाजूच्या दाढा नसाव्यात, कारण खातो ते उजव्या बाजूने. सकाळी गाडी चालू केली की प्रत्येक ड्रायव्हरने कॅमेऱ्याकडे तोंड करून दोन सेकंद थांबायचं असतं. यंत्र चेहऱ्याची ओळख पटवतं आणि तो दोन सेकंदांचा हलता फोटो आमच्या पडद्यावर येतो. बाकीचे ड्रायव्हर तेवढ्यात पट्टा लावतात, तंबाखू मळतात, कुणी मुद्दाम दुसरीकडे बघतात. एक्केचाळीस हात जोडायचा आणि काहीतरी म्हणायचा. दोन-तीन शब्द. रोज तेच, कारण ओठ रोज तसेच हलायचे.

माझ्या मते तो 'चला, येतो' म्हणायचा. घरातून निघताना म्हणतात तसं. एक दिवस माझ्या तोंडून 'या' निघून गेलं.

शेजारच्या टेबलावर कळव्याची एक मुलगी बसते, माझ्या मुलापेक्षाही लहान. ती म्हणाली, "कोणाला या म्हणताय मॅडम? दारात तर कोणीच नाहीये."

"तू तुझं बघ."

"नाही, पाहुणे असले तर चहा सांगते ना मी."

त्यानंतर मी मनातल्या मनात म्हणायला लागले. पण म्हणायचे रोज. आठ वाजून दहा मिनिटांनी एक्केचाळीसचा फोटो यायचा, त्यानंतर मी पहिला चहा घ्यायचे. सुट्टीवर असला की चहा पुढे-मागे व्हायचा. त्याने मिशी बारीक केली ते मला कळलं, चष्मा लागला तेही कळलं. त्याच्या तुकड्यांवर खोट्या जांभया फार यायच्या, कारण तो एकटाच गात असायचा, तोंड मोठं उघडून. मी सगळ्या 'खोटं' म्हणून खोडायचे. कुणी मला दिवसाला एक तरी गोष्ट सांगतंय असं वाटायचं, मग ती मला ऐकू येत नसली तरी.

त्याला मी आहे हे माहीत असायचं कारण नव्हतं.

आता दसऱ्याचं. वाहतुकीला दसऱ्याची सुट्टी नसते. सकाळी शिळफाट्याजवळच्या आमच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या पूजा होतात आणि मग एकेक निघते. ऑफिसातही पूजा असते. त्या दिवशी मी येताना झेंडू, आपट्याची पानं, हळदकुंकवाची डबी असं सगळं यादीप्रमाणे आणलं होतं. मुली म्हणाल्या, मॅडम, तुम्हीच लावा, तुम्ही मोठ्या. घरी सहा वर्षांत ती डबी मी उघडली नव्हती. ऑफिसात कुणाच्या ते ध्यानातही नव्हतं, म्हणून मीही काही बोलले नाही. मॉनिटर, कीबोर्ड, प्रिंटर, टेलिफोन, सगळ्यांना बोट लावत गेले. कळव्याची मुलगी खुर्चीवर चढली आणि कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याला तिने हार घातला.

"आमच्यावर डोळा ठेवतोस ना," ती त्याला म्हणाली, "घे, सण आहे."

साडेदहा वाजले असतील. पडद्यावर एक्केचाळीसच्या इशाऱ्याची पट्टी आली. सकाळी आठ दहाला, पूजेसाठी गाडी पुढे घेताना, त्याने नेहमीसारखा चेहरा दाखवला होता, हात जोडले होते. आता पडद्यावर चेहरा नव्हता. मध्ये एक गडद गोल आणि त्याच्या कडेने पिवळसर उजेड. गाडी चालू होती, ताशी चाळीसच्या वेगाने. कॅमेरा झाकला.

ड्रायव्हर लोक कॅमेरा झाकतात ते बऱ्याच गोष्टींनी. चिकटपट्टी, च्युइंगगम, गुटख्याची पुडी. पण सगळ्यांत सोयीची असते ती बायकांची मोठी टिकली. लेन्सच्या बरोबर मापाची, लावायला सोपी, काढायला सोपी, आणि विचारलं तर 'बायकोची असेल, चिकटली असेल'. महिन्याभरात टिकलीच्या तीन केसेस झाल्या होत्या. त्यातल्या एका ड्रायव्हरला लग्नच झालेलं नव्हतं. म्हणून तर मी नवव्या ओळीत 'विचारणा नाही' घातलं होतं. साहेब त्या वेळी म्हणाले होते, "मॅडम, जरा कडक नाही होत?" मी म्हणाले, सवलत ठेवली की वाद होतात.

तो गडद गोल बघून मला टिकलीच आठवली. पण आणखी एक गोष्ट झाली, ती कबूल करायला हवी. मला वाईट वाटलं. हा माणूस रोज 'येतो' सांगून जातो आणि आज मला दार लावून घेतो, असं काहीतरी. म्हणजे राग आला. दुसरी कुठली गाडी असती तर मी आधी रस्त्याकडचा कॅमेरा बघितला असता, मागचे तुकडे काढले असते. मी नेहमी काढते. त्या दिवशी नाही काढले. लाल खूण केली आणि पुढची पट्टी उघडली. माझ्या बोटाला कुंकू होतं, ते माउसवर उतरलं, तेही मी संध्याकाळी पुसताना पाहिलं.

साहेबांनी त्याला नाशिकच्या रस्त्यावर पडघ्याच्या पुढे थांबवलं, दुसरा ड्रायव्हर पाठवला आणि चावी काढून घेतली. फोनवर तो 'कुंकू आहे साहेब' असं म्हणाला म्हणे. साहेब आम्हाला सांगताना हसले, "आधी टिकली होती, आता कुंकू. उद्या मंगळसूत्र सांगतील."

दुसऱ्या दिवशी आठ दहाला त्या गाडीत भलताच चेहरा आला. मी चहा घेतला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तो आणि त्याची बायको ऑफिसात आले. साहेब बाहेर होते, म्हणून दोघं जिन्याजवळच्या बाकावर बसले. मी पाण्याची बाटली भरायला गेले तेव्हा दिसले. मी त्याला लगेच ओळखलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि रस्त्यातल्या कुठल्याही बाईसाठी सरकतात तसा पाय आत घेतला.

मी विचारलं, "साहेबांकडे आलात का?"

बायकोच बोलली. साताऱ्याकडची असावी, बोलण्यावरून. "व्हय ताई. यांची गाडी काढली. मी म्हटलं मीच सांगते, मीच लावलंय तर."

"काय लावलंय?"

"कुंकू. त्या डोळ्याला." तिने बोटाने लेन्सएवढा गोल करून दाखवला. "दसऱ्याची पूजा केली गाडीची. आम्ही राहतो दिव्याला, तिथं पाण्याची बोंब, म्हणून बाटलीतनं पाणी नेलं, चाकं धुतली. चाकाला लावलं, ष्टेरिंगला लावलं, देवाला लावलं. मग वर बघितलं तर ह्यो डोळा. हे म्हणले, त्याला कशाला? मी म्हटलं, का? रातंदिस तुमच्यावर ध्यान ठेवतो, तुम्हाला डुलकी लागू देत नाही, तो राबत नाही व्हय? त्याला बी लावलं."

"मग निघताना पुसायचं ना."

हे मी त्याला म्हणाले. तो पहिल्यांदाच बोलला. त्याचा आवाज मी कल्पना केली होती त्यापेक्षा बारीक होता.

"मॅडम, बायकोनं पूजेला लावलेलं कुंकू मी पुसू? सणाच्या दिवशी? उतरल्यावर संध्याकाळी काढलंच असतं. मला वाटलं, जो कोण बघत असेल त्याच्या घरी पण दसरा असेल. कळेल त्याला."

मी म्हणाले, "मीच बघते."

"काय?"

"कॅमेरा. तो कॅमेरा मी बघते. खूण मीच केली."

दोघं उठून उभे राहिले. मला ते नको होतं, पण राहिले. त्याने शर्टाचं वरचं बटण चाचपलं. बायको माझ्याकडे आपादमस्तक बघत होती.

"तुम्ही? मला वाटलं मशीन बघतंय." मग म्हणाली, "दिसभर? जेवता कवा?"

"बघता बघता."

"एकट्याच?"

"तिघी असतो," मी म्हणाले. ते खरं होतं.

तो हळूच म्हणाला, "मॅडम, सकाळी मी काय बोलतो ते ऐकू येतं का तिकडं?"

"नाही. आवाज येत नाही."

"बरं झालं," तो म्हणाला आणि खाली बघायला लागला. काय बोलता, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, ते आजही मला ठरवता येत नाही.

मी त्यांना थांबायला सांगून आत गेले. गाडी उभी असताना यंत्र पट्टी पाठवत नाही, पण रेकॉर्डिंग चालू असतं. ते गाडीतल्याच कार्डावर राहतं, सात दिवस. नंतर त्यावर नवीन चढतं. म्हणजे तीन दिवस हातात होते. मागवण्याचा अधिकार मला आहे, फक्त कारणाच्या चौकोनात काहीतरी लिहावं लागतं. मी लिहिलं, 'माझी चूक तपासण्यासाठी'. व्हिडिओ यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी तीनदा उठून बाकावर दोघं आहेत ना ते बघून आले.

दसरा, सकाळी नऊ बत्तीस. ड्रायव्हरची जागा रिकामी. दरवाजा उघडतो, हातात ताट घेऊन ती चढते. आधी ताट सीटवर ठेवते, मग स्वतः. बाहेर त्याला काहीतरी म्हणून हसते. स्टिअरिंगला बोट लावते. पुढच्या देवाला लावते. मग मान वर करते आणि थांबते. बाहेर वळून विचारते. त्याचा नुसता हात दिसतो, 'असू दे' म्हणतो तसा. ती पुन्हा वळते. आधी पदराने लेन्स पुसते, स्वच्छ, दोनदा. मग हळद. पडदा पिवळा झाला. मग बोट कुंकवात बुडवून ती ते पुढे आणते, सरळ, सावकाश, मोठं होत होत. शेवटच्या क्षणी तिचे डोळे दिसतात. ती थेट माझ्याकडे बघत होती. मग गडद गोल. त्याच्या कडेच्या पिवळ्या उजेडात तिने हात जोडलेले पुसटसे दिसतात.

व्हिडिओ संपला तेव्हा मला कळलं की मी खुर्चीत पुढे झाले आहे आणि मान थोडी वाकवली आहे.

शेजारची मुलगी उठून गेली आणि तिने माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला.

साहेब पाच वाजता आले. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत, माणूस वाईट नाही. त्यांनी उभ्या उभ्याच व्हिडिओ बघितला.

"ठीक आहे हो मॅडम. पण उद्या चाळीसच्या चाळीस जण कुंकू लावतील आणि बायकोला घेऊन येतील. नियम तुमचाच आहे."

"माझाच आहे. म्हणून चूकही माझी आहे. विचारल्याशिवाय खूण केली. माझ्या नावापुढे लाल टाका."

"तुमच्यासाठी कुठे लाल-हिरवं आहे?"

"वर बघा," मी म्हणाले.

साहेबांनी वर बघितलं. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यावर दसऱ्याचा हार तसाच होता. फुलं सुकून काळी पडली होती आणि एक मोठा झेंडू बरोबर लेन्ससमोर लोंबत होता. चार दिवस आम्ही तिघी कुणाला दिसलो नव्हतो, आणि व्हिडिओ बघून मी मान वर करेपर्यंत कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

"हे कुणी केलं?"

"मी," कळव्याची मुलगी म्हणाली. "साहेब, माझी चावी घेता का? स्कूटीची आहे."

साहेबांना हसू आलं. मग ते बाहेर बाकापाशी गेले. काय बोलले ते मी ऐकायला गेले नाही. परत आले आणि म्हणाले, "सोमवारपासून एक्केचाळीस त्यालाच. तुम्ही ती नववी ओळ बदला."

मी लगेच बदलली. आता ती अशी आहे: कॅमेरा झाकणे. आधी मागचं रेकॉर्डिंग बघणे, मग विचारणे, मग लाल. खाली दहावी ओळही घातली: दसऱ्याला कुंकू काचेला नको, कडेला लावावे. ती सगळ्या ड्रायव्हरना पाठवली.

निघताना त्याची बायको काचेच्या दारापाशी आली आणि आत वाकून माझी खुर्ची, माझा पडदा बघून गेली. "येते ताई," म्हणाली. मी 'या' म्हणाले, मोठ्याने.

सोमवारी मी पाच मिनिटं आधी जाऊन बसले. आठ दहाला एक्केचाळीसचा फोटो आला. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती, केसांना पाणी लावून भांग पाडला होता. रेशनकार्डावरच्या फोटोला बसतात तसा तो ताठ बसला होता. हात खाली. दोन सेकंद झाले, यंत्राने ओळख पटवली आणि तो रस्त्याकडे वळला. ओठ हलले नाहीत.

मला वाटलं, पहिला दिवस आहे. मंगळवारीही तसंच. मग अख्खा आठवडा तसंच.

त्याला आता माहीत आहे की इकडे मशीन नाही, एक बाई आहे, चष्मा लावणारी, जिने एकदा त्याची गाडी काढली होती. अशा बाईसमोर माणूस गात नाही. खोट्या जांभयाही बंद झाल्या. यंत्राला त्याच्यात खटकण्यासारखं काही सापडत नाही, त्यामुळे त्याचे तुकडे माझ्याकडे येत नाहीत. साहेबांनी मीटिंगमध्ये त्याचं नाव घेतलं, सगळ्यांत चांगला रेकॉर्ड म्हणून.

चहा मी अजून त्याच वेळेला घेते. आठ दहाला फोटो येतो, मी बघते, टिक करते. कुणी ऐकत नाही ना, हे बघून घेते आणि 'या' म्हणते.